शरणार्थी आणि पोटार्थी : मराठी साहित्यातील आगंतुक

१

देश सोडून आलेल्या माणसाला हिंदी भाषा ‘शरणार्थी’ म्हणते. मराठी भाषा त्यालाच ‘निर्वासित’ म्हणते. दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले आणि व्यवहारात एकमेकांचे पर्याय म्हणून वापरले जाणारे. तरीही त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. ‘शरणार्थी’ हा शब्द पुढे पाहतो. आश्रय मागणाऱ्याची इच्छा त्यात आहे आणि ज्याच्यापाशी तो आश्रय मागतो त्याचेही अस्तित्व त्यात गृहीत आहे. ‘निर्वासित’ हा शब्द मागे पाहतो. या माणसाला कोणीतरी घराबाहेर काढले, एवढेच तो सांगतो. व्याकरणाच्या दृष्टीने ते कर्मणी धातुसाधित आहे. काढणाऱ्याचे नाव त्यात येत नाही.

ज्या उत्तरपदाने हिंदीतील शरणार्थी सिद्ध होतो, त्याच उत्तरपदाने मराठीत आणखी एक शब्द सिद्ध झाला आहे, तो म्हणजे ‘पोटार्थी’. शरण मागणारा तो शरणार्थी आणि पोटासाठी हिंडणारा तो पोटार्थी. रचना एकच, परंतु पहिल्या शब्दाभोवती करुणेचे वलय आहे, तर दुसरा शब्द मराठीत जवळजवळ शिवीच्या जागी वापरला जातो. जीव वाचविण्यासाठी आलेल्याची कीव करावी आणि पोट भरण्यासाठी आलेल्याचा संशय घ्यावा, असा हा भाषेनेच करून ठेवलेला निवाडा आहे. आज जगभर आश्रयार्थी आणि आर्थिक स्थलांतरित यांच्यात जी रेषा ओढली जाते, ती मराठी माणसाच्या शब्दसंग्रहात फार पूर्वीपासून आहे.

प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य दुर्ग-भिलाई या जोडशहरातील बोरसी या वस्तीत आहे. येथे मराठी बोलणारी शेकडो घरे आहेत आणि त्यांतील बहुतेक घरे कधीतरी पोटासाठीच येथे आली. छत्तीसगढी बोलीत बाहेरून आलेल्याला ‘परदेसिया’ म्हणतात. त्या शब्दात आम्हीही येतो. मुंबईत किंवा पुण्यात ‘परप्रांतीय’ हा शब्द उच्चारणारा मराठी माणूस आपोआपच घरमालकाच्या जागी उभा असतो; बोरसीत तोच शब्द उलटून त्याच्यावर येतो. या जागेवरून मराठी साहित्याकडे पाहिले असता एक प्रश्न ठळकपणे समोर येतो. दारात आलेल्या माणसाला मराठी साहित्याने कसे पाहिले आणि त्याला पाहताना कोणाला पाहावयाचे राहून गेले? या प्रश्नाचा काही प्रातिनिधिक कृतींच्या आधारे विचार करण्याचा येथे हेतू आहे.

२

आरंभ मराठी गद्याच्या आरंभापासूनच करावा लागतो. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’चे नायक चक्रधरस्वामी हे गुजरातेतून आलेले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले आणि पुढे त्यांचे सारे आयुष्य या भूमीतील अटनात गेले, असे महानुभाव परंपरा सांगते. ज्याची मातृभाषा मराठी नव्हती अशा पुरुषाच्या आठवणी जपण्यासाठी मराठी गद्याने आपले पहिले मोठे रूप घेतले, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदली जाते. मात्र तिचा अर्थ पुरेसा लक्षात घेतला जात नाही. मराठी गद्याचा पहिला नायक बाहेरचा आहे.

यावरून ‘आमची परंपरा मुळातच आतिथ्यशील आहे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो टाळावयास हवा. चक्रधर स्वीकारले गेले ते अनुयायांच्या दृष्टीने परमेश्वर म्हणून. गरजू माणूस म्हणून नव्हे. त्यांनी कोणाची नोकरी मागितली नाही की कोणाच्या शेताच्या बांधावर हक्क सांगितला नाही. आणि तरीही तत्कालीन धर्मसत्तेने त्यांचा छळ केला, हेही तीच परंपरा सांगते. भक्तांनी त्यांना आत घेतले, सत्तेने बाहेर काढले. आणि ज्या सामान्य गावांतून ते हिंडले त्यांनी त्यांना भिक्षा घातली. आगंतुकाच्या कथेत येणारा आणि स्थानिक अशी दोनच पात्रे असतात, हा आपला समज या पहिल्याच ग्रंथात खोटा ठरतो. तिसरे पात्र तेथे आहेच, आणि ते सत्तेचे आहे. पुढील विवेचनात या तिसऱ्या पात्राकडे मुख्यतः लक्ष वेधावयाचे आहे.

३

पोटासाठी गाव सोडणाऱ्याला आधुनिक मराठी साहित्याने शब्द दिले नाहीत, असे म्हणता येणार नाही. उलट, त्या अनुभवाचे इतके समृद्ध दालन मराठीत आहे की त्याचा अभिमान वाटावा. अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १९२० मध्ये वाटेगावचा. लहान वयात वडिलांबरोबर पायी चालत ते मुंबईस आले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी लिहिलेल्या प्रसिद्ध छक्कडीत, मुंबईत आलेल्या कामगाराचा गावी राहिलेल्या पत्नीविषयीचा विरह आणि राज्याबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाविषयीचे दुःख ही एकात एक मिसळलेली आहेत. या रचनेच्या लोकप्रियतेचा नीट विचार केला, तर असे दिसते की मुंबईवरील मराठी माणसाच्या हक्काला भावनेचे बळ मिळाले ते पोटासाठी मुंबईत आलेल्या स्थलांतरिताच्या आवाजातून. पोटार्थी हाच तेथे राज्याच्या मागणीचा नायक झाला.

नारायण सुर्वे यांची गोष्ट आणखी वेगळी. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेल्या पोराला आपले नाव दिले. ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ हा मराठी परिचयातील पहिला प्रश्न. या कवीला त्याचे उत्तरच नव्हते. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांतील मुंबई विविध धर्मांच्या आणि प्रांतांच्या कष्टकऱ्यांची आहे, याचे एक कारण या निरुत्तर अवस्थेत शोधता येते. ज्याला गावच नाही त्याला गावकी करता येत नाही.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी हा प्रश्न आणखी खोलवर नेला. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनात गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे कैकाडी कुटुंब आहे. गावाला त्यांनी विणलेल्या टोपल्या हव्या असतात. माणसे नको असतात. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) जन्मतःच चोर ठरविलेल्या समाजाचे जगणे आहे. ब्रिटिश राजवटीने १८७१ मध्ये काही जमातींना गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय रद्द झाला नाही. साहित्य अकादमीने या दोन्ही पुस्तकांचा गौरव केला, हे वाचकांस ज्ञात आहेच. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व असे की, उपरेपण अंतरावर अवलंबून नसते, हे त्यांनी दाखवून दिले. माने यांचे कुटुंब परप्रांतातून आलेले नाही; ते मराठी मुलखातच पिढ्यानुपिढ्या फिरत आहे. तरीही ते उपरे आहे. कोण बाहेरचा हे नकाशा ठरवीत नाही; ज्याच्या हाती आत घेण्याची आणि बाहेर ठेवण्याची सत्ता आहे तो ते ठरवितो.

या सर्व लेखनातील निवेदक स्वतः निघालेला किंवा हाकललेला आहे. आतून पाहिलेल्या स्थलांतराचे हे साहित्य आहे. परंतु दुसऱ्या प्रांतातून आपल्या दारात आलेल्या माणसाला हाच न्याय मराठीत किती वेळा मिळाला? फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी कुटुंबांतून १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात पूर्व बंगालच्या निर्वासितांची गावे वसली. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. मराठी कथनसाहित्याने यांच्याकडे फारसे पाहिलेले नाही. आणि मुंबईतील उत्तर भारतीय दूधवाला किंवा टॅक्सीवाला आमच्या कथा-नाटकांत आला तो बहुधा हशा पिकविण्यापुरता. त्याला लकब असते, भूतकाळ नसतो. तो कोठून आला हे प्रेक्षकाला ठाऊक असते. का आला हे कोणी विचारीत नाही.

४

या पार्श्वभूमीवर एक नाटक अपवादात्मक ठरते. विशेष म्हणजे त्याच्याकडे या दृष्टीने क्वचितच पाहिले गेले आहे. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले. त्याभोवती उठलेला वाद सर्वश्रुत आहे. नाना फडणीसांची बदनामी झाली का, एका जातीचा द्वेष नाटकात आहे का, इतिहासाचा विपर्यास केला आहे का, या तीन प्रश्नांभोवती ती चर्चा दीर्घकाळ फिरत राहिली. दुसऱ्या बाजूने नाट्यप्रयोगातील लोककलांच्या वापराची, विशेषतः माणसांच्या पडद्याची, यथार्थ प्रशंसा झाली. परंतु नाटकाचा नायक कोण आहे, हा साधा प्रश्न बाजूला राहिला.

इतिहासातील घाशीराम कसा होता, हा येथे प्रश्न नाही. तेंडुलकरांचा घाशीराम हा कनोजहून दैव अजमावण्यासाठी पुण्यात आलेला ब्राह्मण आहे. तो शरणार्थी नाही, पोटार्थी आहे. प्रथम तो एका कलावंतिणीकडे पडेल ते काम करतो. तेथे मिळालेली बक्षिसी त्याच्याकडून हिसकावून घेतली जाते. मग दक्षिणेच्या आशेने तो ब्राह्मणांच्या गर्दीत शिरतो. तेथे त्याच्यावर चोरीचा आळ येतो. पुरावा कोणी मागत नाही. तो बाहेरचा आहे, हाच पुरावा. मार खाऊन, अपमानित होऊन तो शहराबाहेर फेकला जातो आणि सूडाची प्रतिज्ञा करतो. ‘उचल्या’त जन्माने जे सिद्ध होते, ते येथे परकेपणाने सिद्ध झाले आहे.

यानंतरचा भाग विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. घाशीराम आपल्या मुलीच्या मोबदल्यात नानाकडून कोतवाली मिळवितो. नाना ती का देतो? वासना हे एक कारण. परंतु तेंडुलकरांनी नानाच्या तोंडी दुसरे कारणही घातले आहे. घाशीराम परका आहे. या शहरात त्याचे कोणी नाही, म्हणून तो नानाशी एकनिष्ठ राहील. आणि जे काही अत्याचार होतील त्यांचे खापर त्या परक्याच्याच माथी फुटेल. सत्तेला आगंतुक हवा असतो तो याचसाठी. स्वस्तात राबणारा, आधार नसलेला आणि वेळ आल्यावर गर्दीच्या हवाली करता येणारा माणूस तिला सोयीचा असतो.

पुढे दक्षिणेकडून आलेले काही ब्राह्मण कोठडीत गुदमरून मरतात. बाहेरून आलेल्याच्या हातून बाहेरून आलेलेच मारले जातात. शहर खवळते, नाना आज्ञापत्रावर सही करतो आणि घाशीराम दगडांखाली मरतो. ज्याने कोतवाली दिली त्याला एकही दगड लागत नाही. उलट तो उत्सव जाहीर करतो. माणसांचा तो पडदा शेवटी पुन्हा रांगेत उभा राहून नाचू लागतो. ही गर्दी दुष्ट नाही. ती फसलेली आहे आणि आपण फसलो हे तिला अखेरपर्यंत कळत नाही. माझ्या मते, स्थलांतरिताविषयीच्या लोकभावनेचे इतके अचूक चित्र दुसऱ्या कोणत्याही मराठी कृतीत नाही.

या नाटकामागे शिवसेनेच्या उदयाचे संदर्भ आहेत, असे अनेकदा म्हटले गेले आहे. सत्तेने आपल्या सोयीसाठी वाढविलेला राक्षस, असा अर्थ मग लावला जातो. तो चुकीचा नाही. पण त्यात एक विसंगती दडली आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले. भूमिपुत्रांच्या नावाने उभ्या राहिलेल्या चळवळीचे रूपक म्हणून ज्या पात्राकडे पाहिले गेले, ते पात्र स्वतः परप्रांतीय आहे. तेंडुलकरांची प्रतिभा येथे त्यांच्या तात्कालिक निमित्ताच्या पुढे गेली आहे. हाकललेला माणूस आणि हाकलणारा माणूस हे एकाच यंत्राचे दोन दाते आहेत आणि यंत्र फिरविणारा हात तिसऱ्याचाच आहे, असे हे नाटक सांगते.

५

हे नाटक रंगमंचावर येण्यापूर्वी मुंबईत एक वेगळाच ‘वाङ्मयप्रकार’ लोकप्रिय झाला होता. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकाने मुंबईतील कचेऱ्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ‘वाचा आणि थंड बसा’ हे त्या सदराचे शीर्षक. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. राजकीय अभ्यासकांनी या याद्यांची चर्चा केली आहे. साहित्याच्या अभ्यासकांनीही ती करावयास हवी, कारण यादी हाही एक कथनप्रकार आहे. यादीत नाव असते, चरित्र नसते. क्रियापद नसते, म्हणून कारणही नसते. ‘हा माणूस येथे आहे’ एवढेच यादी सांगते आणि उरलेले वाक्य वाचकाच्या रागाने पूर्ण करावयाचे असते. त्या याद्यांतील नावे प्रामुख्याने दाक्षिणात्य होती. २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेसाठी मुंबई परिसरात आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली, तेव्हा आडनावे बदलली होती; रचना तीच होती.

मात्र हा राग केवळ हलक्या मनाचा म्हणून उडवून लावणे समीक्षेला शोभणारे नाही. त्यामागे खरी वंचना होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यातून गिरण्या सावरल्या नाहीत आणि एक संपूर्ण संस्कृती लयास गेली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील गिरणगावातले कुटुंब या विध्वंसानंतरचे आहे. घरातील मुलांजवळ काम नाही आणि ज्याच्यावर रागवावे असा माणूसही समोर नाही. पवार यांचे श्रेय असे की, त्यांनी या कुटुंबाला सोपा शत्रू मिळवून दिला नाही. गिरणीची जमीन विकणारा त्या खोलीत कधीच येत नाही. तेथे येतात ते एकमेकांचे दोष. ज्याच्यामुळे हानी झाली तो दिसत नाही आणि जो दिसतो त्याच्यावर राग निघतो, हे लोकभावनेचे गणित या नाटकाने भिंतीच्या आतल्या बाजूने मांडले. ‘घाशीराम’ने ते बाहेरच्या बाजूने मांडले होते. ही दोन नाटके एकत्र वाचावयास हवीत.

६

आता बोरसीकडे वळता येईल, कारण या त्रिकोणाची तिसरी बाजू येथे उघड्यावर आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. परिसरातील गावांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईतील कामगारजीवनाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बांधकामाच्या काळात या भागात पसरलेल्या एका अफवेची त्यांनी नोंद केली आहे. बांधकाम टिकावे म्हणून नरबळी दिले जातात, अशी ती अफवा होती. आधुनिक वाचकाला ही अंधश्रद्धा वाटेल; पण तिच्यातील अर्थ खोटा नव्हता. हे जे उभे राहत आहे त्याची किंमत आपल्याकडून घेतली जाणार, हे गावांना नेमके कळले होते.

माझे वडील भंडारा जिल्ह्यातून येथे आले. सेक्टरमधील क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. बांधकामावर येणाऱ्या छत्तीसगढी रेजांना, म्हणजे मजूर स्त्रियांना, आमच्या घरांतून ‘बाहेरच्या बाया’ म्हटले जाई; त्या वसाहतीबाहेरून येत, म्हणून बाहेरच्या. ज्या मातीवर आमची क्वार्टर्स उभी होती ती त्यांच्या सासरची किंवा माहेरची शेते असू शकतील, हे आमच्या मनात आले नाही. आम्ही वाईट माणसे नव्हतो. आम्हाला ते घर कोणी दिले हे ठाऊक होते. कोणाचे दिले हे कोणी सांगितले नव्हते.

हेच निर्वासितांच्या बाबतीत घडले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांसाठी १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प आखण्यात आला. बस्तर आणि कोरापुटचा प्रदेश त्यासाठी निवडला गेला. १९६४ नंतर रायपूरजवळच्या माना येथील छावणीतून हजारो माणसे गेली. नद्यांच्या मुखाशी शेती करणाऱ्यांना कोरडी, चढउताराची जमीन मिळाली. आणि ज्या जंगलात ती मिळाली ते आदिवासींचे होते. आश्रय देणारा एक आणि आश्रयाची किंमत मोजणारा दुसरा. १९७८ मध्ये यांतील अनेक कुटुंबे सुंदरबनातील मरीचझापी बेटावर गेली. १९७९ मध्ये तेथून त्यांना बळाने हुसकावून लावण्यात आले आणि त्यात माणसे मेली. ज्यांच्याविषयी सर्वांना करुणा वाटत होती, त्यांनी स्वतःची जागा स्वतः निवडताच ते घुसखोर ठरले. शरणार्थी हे नाव टिकून राहते ते माणूस दिलेल्या जागी गप्प बसून असेपर्यंतच.

या भूमीतील एका मराठीभाषकाने या त्रिकोणाची कथा फार पूर्वी लिहिली होती, तीही हिंदीत. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले आणि १९०१ मध्ये त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध केली. जमीनदार आपल्या वाड्याचे अंगण वाढविण्यासाठी एका विधवेची झोपडी कायद्याच्या आधाराने घेतो. ती चुलीसाठी टोपलीभर माती मागावयास येते आणि टोपली उचलू लागण्याची विनंती त्यालाच करते. ती टोपली त्याला उचलत नाही. हिंदीच्या आरंभीच्या कथांत तिची गणना होते. मराठी वाचकाने ती आपल्या परंपरेतही धरावी. विस्थापित आणि विस्थापित करणारा यांना तिने समोरासमोर आणले आणि वजन त्याच्या हाती दिले. कर्मणी धातुसाधितात लपलेला कर्ता येथे प्रकट झाला आहे.

सप्रे आणि त्यांच्यानंतरचे गजानन माधव मुक्तिबोध हे दोघेही मातृभाषेने मराठी. मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवीत होते. बोरसीपासून ते गाव लांब नाही. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात राहून मराठीत लिहीत राहिले. एका घरातील दोन भाऊ दोन भाषांत मोठे झाले आणि हिंदीने गजानन माधवांना परप्रांतीय म्हटले नाही. येथे मराठी माणसाला मिळालेले हे आदरातिथ्य आपल्या ताळेबंदात लिहून ठेवावयास हवे.

७

८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते मध्य प्रदेशातील होते. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करीत होते आणि टाळेबंदीत काम थांबल्यामुळे पायी घरी निघाले होते. त्या दिवसांत ‘परप्रांतीय मजूर’ हा शब्द वृत्तपत्रांत रोज वाचावयास मिळे. छत्तीसगढात हिंदी वृत्तपत्रे मजुरांच्या हंगामी स्थलांतराला ‘पलायन’ म्हणतात. मराठीत या शब्दाचा अर्थ पळून जाणे असा होतो. ही माणसे पोटार्थी म्हणून आली होती आणि जीव वाचविण्यासाठी परत निघाली होती. येताना एक आणि जाताना दुसरे. तरी माणसे तीच. अशा वेळी शब्दांनी ओढलेली ती रेषा कोणत्या बाजूने वाचावी?

शासनाला अशा रेषा ओढाव्या लागतात. जमीन किती, कोणाला, किती काळ, हे कोठेतरी ठरवावे लागते. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही न केलेल्या भारतालाही ते टळलेले नाही. साहित्यावर मात्र हे बंधन नाही. ‘आगंतुकाविषयी करुणा बाळगा’ असा उपदेशही साहित्याकडून अपेक्षित नाही, कारण कीव हीही शेवटी वरून खाली येते. अपेक्षा इतकीच की, आलेल्याला भूतकाळ असावा, स्थानिकाला त्याची हानी असावी आणि या दोघांना एकमेकांसमोर उभे करणारा तिसरा पडद्याआड राहू नये. या तिन्ही गोष्टी ज्या कृतीत आहेत ती केवळ सहानुभूतीच्या लेखनाहून श्रेष्ठ ठरते.

असे लेखन मराठीला परके नाही. २०११ च्या जनगणनेत जन्मस्थान किंवा पूर्वीचे गाव सोडून राहणाऱ्यांची संख्या सुमारे ४५ कोटी भरली आणि त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. म्हणजे या देशातील सर्वांत मोठा स्थलांतरित वर्ग सासुरवाशिणींचा आहे. परक्या घरी आलेल्या या स्त्रीने जात्यावर बसून जे गाईले त्यात सासरचा जाच आहे, माहेरची ओढ आहे. आणि त्याबरोबरच, आपल्याला इतक्या दूर देणाऱ्या बापाला विचारलेला जाबही आहे. सासू आणि सून या दोघींच्या भांडणात तो बाप दिसत नाही. ओवीत मात्र तो दिसतो. ज्याने दिले त्याला नाव घेऊन विचारण्याचे हे धैर्य मराठीच्या सर्वांत जुन्या स्थलांतरितेने दाखविले आहे.

आमच्या सेक्टरमधील त्या रेजाही कोठेतरी सासुरवाशिणी होत्या आणि आमच्या आयाही. जात्यावरची ओवी दोघींजवळ, आपापल्या भाषेत, होती. आम्हाला घर कोणी दिले आणि कोणाचे दिले, हा प्रश्न आता आमच्या पिढीने मराठीत लिहावयाचा आहे.